परदेशी बेसबॉलपटू संघात येतो तेव्हा: नव्या प्रशिक्षकांसाठी

अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली बरीच मराठी मंडळी मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये सहायक प्रशिक्षक होतात. लहानपणी क्रिकेट खेळलेलं असतं, चेंडूची ओढ असते, शनिवार-रविवारची सकाळ मोकळी असते. त्यातले काही जण पुढे हौशी क्लबच्या किंवा कॉलेजच्या संघाबरोबर काम करू लागतात. मग एखाद्या हंगामात संघात असा खेळाडू येतो, ज्याला तिथली भाषा येत नाही, ज्याचं घर दोन समुद्रांपलीकडे आहे आणि ज्याच्याकडून सगळ्यांना पहिल्याच सामन्यात काहीतरी दिसायला हवं असतं. हा लेख त्या खेळाडूच्या प्रशिक्षकासाठी आहे.

माझं ठाम मत असं, की पहिले काही आठवडे तुमचं मुख्य काम त्याचं पिचिंग (चेंडू फेकणं) किंवा बॅटिंग सुधारणं हे नाही. त्याला तुमच्यापाशी येऊन "मला कळलं नाही", "माझा खांदा दुखतोय", "मला झोप लागत नाही" असं म्हणता आलं पाहिजे. हे एकदा जमलं की तंत्र शिकवायला हंगाम पडलेला असतो. हे जमलं नाही तर तुमचं उत्तमातलं उत्तम शिकवणं त्याच्या डोक्यावरून जातं, आणि तो तुम्हाला तसं सांगतही नाही.

ज्यांचा प्रवास आपल्या लोकांना जवळचा वाटेल, असे दोन खेळाडू आधी डोळ्यांसमोर आणू. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही उत्तर प्रदेशातले, लखनौच्या गुरु गोविंदसिंग स्पोर्ट्स कॉलेजात भालाफेक करणारे. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या वेगवान चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून त्यांची निवड झाली आणि त्याच वर्षी ते लॉस एंजलिसला पोचले. बेसबॉल त्यांनी तोवर खेळलेला नव्हता. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉम हाऊस यांच्या हाताखाली काही महिने घासून शिकल्यावर नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या) संघानं दोघांशी करार केला. जुलै २००९ मध्ये ते फ्लोरिडातल्या ब्रेडेंटन इथं गल्फ कोस्ट लीग या नवोदितांच्या लीगमध्ये उतरले. त्याच महिन्यात रिंकूच्या नावावर विजय लागला (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय एका पिचरच्या नावे लिहितात). अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय.

हाऊस हा माणूस कोण, हेही पाहण्यासारखं आहे. ते स्वतः मेजर लीगमध्ये पिचर होते. हँक आरननं ८ एप्रिल १९७४ रोजी विक्रमी ७१५वी होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारली, तेव्हा तो चेंडू बुलपेनमध्ये (पिचर सराव करतात त्या जागेत) झेलणारे हेच हाऊस. पुढे टेक्सास रेंजर्समध्ये ते प्रसिद्ध पिचर नोलन रायनचे पिचिंग प्रशिक्षक झाले आणि त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेटही घेतली. खांदा आणि मन या दोन्हींकडे एकाच वेळी बघणारा माणूस या मुलांना पहिला भेटला, हे त्यांचं भाग्य. तुमच्याकडे डॉक्टरेट असायची गरज नाही, पण दोन्हींकडे बघायची सवय मात्र हवी.

तो येण्याआधी

पहिली गोष्ट नाव. त्याला त्याच्या घरी जे म्हणतात ते नाव, ज्या उच्चारात म्हणतात त्या उच्चारात शिका आणि संघालाही शिकवा. फोनवर त्याच्याकडून ते रेकॉर्ड करून मागवा आणि संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका. रॉबर्टो क्लेमेंटे पोर्टो रिकोतून येऊन १९५५ मध्ये पायरेट्सकडून खेळू लागला. वर्तमानपत्रं त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी जसंच्या तसं छापून त्याची टर उडवत, आणि त्याच्या बेसबॉल कार्डांवर वर्षानुवर्षं 'बॉब क्लेमेंटे' असंच छापलं जाई. त्याला हे आवडत नसे आणि तो तसं सांगतही असे. १९७१ ची वर्ल्ड सीरिज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकल्यावर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर तो आधी स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांशी बोलला. नाव बदलून 'सोपं' करणाऱ्यांना ते सोपं वाटतं. ज्याचं नाव आहे त्याला रोज थोडं थोडं टोचत राहतं.

दुसरी गोष्ट त्याचा दिनक्रम. तो सरावात किती फेकतो, सामन्याआधी काय करतो, दोन सामन्यांत किती दिवस विश्रांती घेतो, हे तो येण्याआधी विचारून लिहून ठेवा. जपानमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण आठवड्यातून एकदा फेकतो, अमेरिकेत बहुधा दर पाचव्या दिवशी. जपानी पिचर सरावातही भरपूर चेंडू फेकतात, अमेरिकी संघ मात्र सरावाचे चेंडू मोजून देतात. दाइसुके मात्सुझाका २००७ मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडे आला, पहिल्या वर्षी १५ आणि दुसऱ्या वर्षी १८ सामने जिंकला. २००९ मध्ये दुखापतीनं बाहेर बसल्यावर त्यानं जपानी माध्यमांकडे संघाच्या सराव पद्धतीबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. दोघांपैकी कोणाची पद्धत बरोबर हा वाद इथं नको. पण जी गोष्ट प्रशिक्षकाच्या खोलीत बोलली जायला हवी, ती हजारो मैलांवरच्या नियतकालिकात छापून आली, तर कुठेतरी ऐकण्याची वाट बंद होती. याउलट जपानचा शोहेई ओहतानी २०१८ मध्ये लॉस एंजलिस एंजल्सकडे आला, तेव्हा संघानं त्याला झेपावं म्हणून पाचाऐवजी सहा पिचरांचं चक्र वापरलं. खेळाडूनंच सगळं बदलायचं असं कुठे लिहिलंय?

पहिला आठवडा

विमानतळावर स्वतः जा, किंवा संघातल्या कोणाला तरी पाठवा. टॅक्सीची पावती देऊन भागवू नका.

त्या आठवड्यातली कामं क्षुल्लक दिसतात, पण खेळाडूचं डोकं तीच खातात. सिम कार्ड, बँकेचं खातं, खोलीची किल्ली, कपडे धुण्याचं यंत्र चालवणं, बसचा मार्ग, सर्वांत जवळचं किराणा दुकान. ही कामं त्याच्याबरोबर जाऊन करा, म्हणजे दुसऱ्यांदा तो एकटा करू शकेल. मेजर लीगनंसुद्धा मायनर लीगच्या (खालच्या स्तरांवरच्या) बहुतेक खेळाडूंच्या राहण्याची सोय संघांनीच करावी असा नियम २०२२ पासून आणला. त्याआधी कोवळी मुलं एकेका फ्लॅटमध्ये दाटीवाटीनं, हवेच्या गाद्यांवर झोपून हंगाम काढत. तुमचा क्लब छोटा असेल, पैसे नसतील. तरी त्याला नीट झोपायला जागा आणि दार लावून घेता येईल अशी खोली मिळते की नाही, हे पाहणं तुमच्याच कामात येतं.

भारतातून आलेल्या खेळाडूचं घड्याळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे जातं. तिथं रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा घरी सकाळचे साडेसहा झालेले असतात. आई उठलेली असते, चहा ठेवलेला असतो. घरी बोलायची ती वेळ. संध्याकाळचा सराव संपल्यावर रोज लांबलचक मीटिंग ठेवून ती वेळ खाऊ नका. आणि झोप जागेवर येईपर्यंत पूर्ण जोरानं पिचिंग करायला लावू नका.

जेवणाचा प्रश्न मराठी प्रशिक्षकाला पटकन कळतो, तो फायदा घ्या. सामन्यानंतर सगळ्यांसाठी मागवलेला पिझ्झा शाकाहारी मुलाला चालेल, पण हंगामभर नुसत्या पिझ्झ्यावर स्नायू राहत नाहीत. अंडी खातो का, दूध-दही चालतं का, डाळ कुठे शिजवता येईल, हे विचारा. डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेल्या मुलाचं दुपारचं जेवण म्हणजे भात, लाल घेवडा आणि मांस. आपल्या घरचा राजमा-भात त्याला बहुतेक परका वाटणार नाही. एका रविवारी त्याला घरी जेवायला बोलवा. खेळाबद्दल एक शब्द न काढता जेवू घाला.

दुभाषा कसा वापरावा

कार्लोस बेल्ट्रानसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या खेळाडूंनी आवाज उठवल्यावर २०१६ पासून मेजर लीगच्या प्रत्येक संघाला पूर्णवेळ स्पॅनिश दुभाषा ठेवणं बंधनकारक झालं. त्याआधी २०१३ मध्ये सामना चालू असताना प्रशिक्षकाबरोबर दुभाषानंही माउंडवर (पिचर ज्या उंचवट्यावरून फेकतो तिथं) जावं, ही परवानगी मिळाली होती. म्हणजे जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगलाही ही साधी गोष्ट करायला इतकी वर्षं लागली. तुमच्याकडे पगारी दुभाषा नसेल. संघातलाच एखादा मुलगा, पालक, कॉलेजातला विद्यार्थी हे काम करेल. त्याच्याबरोबर काम करताना:

- बोलताना खेळाडूकडे बघा, दुभाषाकडे नाही. "त्याला सांग की..." असं म्हणू नका, थेट "तू" म्हणून बोला.
- एका वेळी एकच वाक्य, एकच सूचना.
- वैद्यकीय गोष्टींसाठी संघातला मित्र दुभाषा म्हणून नको. जागेची स्पर्धा असते, लाजही असते. डॉक्टरकडे बाहेरचा माणूस न्या.
- पैशांची कामं दुभाषाच्या हातात देऊ नका.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो. ओहतानीचा दुभाषा इप्पेई मिझुहारा यानं त्याच्या खात्यातून जवळपास १ कोटी ७० लाख डॉलर चोरले. २०२४ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि २०२५ मध्ये त्याला ५७ महिन्यांची शिक्षा झाली. एका माणसाच्या हाती भाषा, गाडी, फोन आणि बँक असं सगळं गेलं की खेळाडू त्याच्यावर पूर्ण अवलंबून होतो. बँकेत एकदा तुम्ही, खेळाडू आणि त्याच्या भाषेत बोलणारा बँकेचा कर्मचारी असे बसा. पासवर्ड फक्त खेळाडूकडे राहू द्या.

"हो" म्हणजे काय

इथं बहुतेक नवे प्रशिक्षक फसतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

बुलपेनमध्ये उभे राहून बघा. प्रशिक्षक म्हणतो, "पुढचा पाय थोडा उशिरा टाक." मुलगा मान हलवतो. पुढचा चेंडू अगदी आधीसारखाच येतो. प्रशिक्षक तेच वाक्य जरा मोठ्यानं म्हणतो. मुलगा पुन्हा मान हलवतो, या वेळी हसतोही. तिसऱ्या चेंडूला प्रशिक्षकाच्या मनात शिक्का तयार: ऐकत नाही. खरं तर मुलाला 'उशिरा' म्हणजे कशाच्या तुलनेत हेच कळलेलं नाही, आणि मोठ्या माणसाला उलट विचारणं म्हणजे उर्मटपणा असं तो घरून शिकून आलेला आहे. आपल्याकडच्या मुलांची मान तर आडवी डोलते. अमेरिकी माणसाला त्यात होकार दिसतो की नकार, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

म्हणून "कळलं का?" हा प्रश्न पूर्ण बंद करा. त्याऐवजी म्हणा, "पुढच्या चेंडूला तू काय वेगळं करणार? चेंडू न फेकता करून दाखव." त्यानं पाय उचलून, थांबून, टाकून दाखवला की तुम्हाला दिसतं, त्याला काय पोचलं. चुकीचं दाखवलं तर तुम्ही स्वतः करून दाखवा, मग दोघं मिळून करा. फोनवर व्हिडिओ काढा आणि त्याच्याच हातात द्या. कुठे थांबवायचं ते त्याला ठरवू द्या. ज्या क्षणी तो स्वतः व्हिडिओ थांबवून बोट ठेवतो, त्या क्षणी तुमचं शिकवणं सुरू झालं असं समजा.

आणि तो पहिल्यांदा "नाही कळलं" म्हणेल तेव्हा, कितीही घाई असली तरी, सगळ्यांसमोर त्याचं कौतुक करा. बाकीची मुलंही ते बघत असतात.

तंत्राला हात लावताना

पहिले दोन-तीन आठवडे फक्त बघा आणि नोंदी करा. दुखापतीचा धोका दिसत असेल तरच हस्तक्षेप करा. परदेशी खेळाडूच्या ज्या गोष्टी 'चुकीच्या' वाटतात, त्यांतल्या बऱ्याच वेगळ्या साहित्यामुळे किंवा वेगळ्या मैदानामुळे आलेल्या असतात. जपानी लीगचा चेंडू हाताला जास्त चिकट लागतो; मेजर लीगचा गुळगुळीत, म्हणून त्याला सामन्याआधी चिखल चोळतात. तिथून आलेल्या पिचरचे पहिले चेंडू भरकटले तर त्याला बादलीभर चेंडू द्या आणि आठवडाभर हाताळू द्या.

क्रिकेटमधून किंवा भालाफेकीतून आलेल्या मुलासाठी बदल आणखी मोठा. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम, त्यामुळे हातात आलेला चेंडू त्याला हलका वाटतो आणि तो हातानंच जोर करतो. धाव घेऊन येण्याची सवय असते, इथं मात्र पाय माउंडवरच्या रबरी पट्टीवर ठेवून १० इंच उंच माउंडवरून सगळी ताकद पाय आणि कंबरेतून काढायची. कोपर सरळ ठेवायची सवय असलेल्या गोलंदाजाला वाकवून फेकणं आधी गुन्हाच वाटतो.

त्याहून मोठी अडचण ग्लोव्हची, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. क्रिकेटमध्ये आपण दोन्ही उघड्या हातांनी, चेंडूबरोबर हात मागे घेत झेलतो. ग्लोव्ह घातल्यावरही दुसरा हात आपोआप पुढे येतो आणि वेगानं आलेला चेंडू उघड्या बोटांवर बसतो. फेकणारा हात जायबंदी झाला की पिचर कामातून गेला. म्हणून सुरुवात टेनिसच्या चेंडूनं करा, फेकणारा हात पाठीमागे ठेवायला लावा, आणि एवढंच शिकवा: कमरेच्या वरचा चेंडू असेल तर ग्लोव्हची बोटं आकाशाकडे, खाली असेल तर जमिनीकडे. वेग वाढवायची घाई नको.

मैदानावरच्या हाका

दोन क्षेत्ररक्षक एकाच उंच झेलासाठी धावले आणि कोणी "माझा!" म्हणालंच नाही, की टक्कर ठरलेली. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा एक किस्सा सांगतात. रिची ॲशबर्ननं व्हेनेझुएलाच्या एलिओ चाकोनला समजावं म्हणून "यो ला तेंगो" (माझा आहे) ही स्पॅनिश हाक शिकून घेतली. झेल उडाला, त्यानं हाक मारली, चाकोन थांबला. आणि स्पॅनिश न येणारा फ्रँक थॉमस दुसऱ्या बाजूनं येऊन ॲशबर्नवर आदळला. म्हणून हाका एकट्या नव्या खेळाडूला शिकवून भागत नाही. पहिल्याच सरावात सगळ्या संघानं मिळून चार-पाच हाका ठरवाव्यात, कुठल्याही भाषेत, आणि त्यावरच अर्धा तास घालवावा. नव्या खेळाडूच्या भाषेतली एक तरी हाक त्यात घ्या. कॅचरच्या (पिचरचा चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणांचंही तसंच: आधी साध्या खुणा, फसव्या नंतर.

दुखणं

जागा जाईल या भीतीनं परदेशी खेळाडू दुखणं लपवतो. इथली जागा गेली की त्याला घरी परतावं लागतं, हे त्याला माहीत असतं. म्हणून रोज, प्रत्येकाला, सरावाआधी विचारा: खांदा शून्य ते दहामध्ये किती, कोपर किती? बोटांनी दाखवलं तरी चालतं. सगळ्यांनाच विचारलं की त्याला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. चार किंवा अधिक म्हणणाऱ्याला त्या दिवशी फेकायला द्यायचं नाही, आणि त्या एका दिवसामुळे त्याची जागा जाणार नाही हे आधीच जाहीर करायचं. ते पाळायचंही. एकदा मोडलंत की पुढे सगळे शून्यच सांगतील.

लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमांत ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त ८५ आणि १३ ते १६ वयाला ९५ चेंडूंची मर्यादा आहे. परदेशातून आलेला मुलगा शनिवारी दुसऱ्याच कुठल्या संघातून फेकून आलेला असू शकतो, तेही विचारून धरा. आणि अल्पवयीन मुलगा असेल तर गाडीत, खोलीत, हॉटेलात एकट्या मोठ्या माणसाबरोबर तो राहणार नाही, ही शिस्त स्वतःपासून पाळा.

फॉर्म जातो तेव्हा

तो जाणारच. भाषेचा थकवा साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाहेर येतो असं मला दिसलंय. सुरुवातीचं नवल ओसरतं आणि मित्र मात्र अजून झालेले नसतात. अशा वेळी जास्तीचा सराव हे औषध नाही. त्याला एखादं काम द्या, ज्यात तो जाणकार असेल: समोरच्या पिचरच्या सवयी टिपणं, लहान मुलांना फेकायला शिकवणं. व्हेनेझुएलाचा ॲलेक्स रामिरेझ पायरेट्सकडून खेळून २००१ मध्ये जपानच्या याकुल्ट स्वॅलोज संघात गेला. तिथं त्यानं जपानी कॅचर कुठल्या वेळी कुठला चेंडू मागतात याचा अभ्यास सुरू केला. २०१३ मध्ये तिथल्या लीगमध्ये २००० हिट्स (फटका मारून बेस गाठणं) पूर्ण करणारा तो पहिला परदेशी खेळाडू झाला, पुढे योकोहामा संघाचा व्यवस्थापकही झाला. डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर) बसलेल्या खेळाडूला बघण्यासारखं काहीतरी द्या.

तो संघात राहत नसेल तर

दिनेश पटेलला पायरेट्सनं २०१० च्या अखेरीस मुक्त केलं. रिंकू पुढे अनेक वर्षं त्या संघाच्या व्यवस्थेत राहिला, ऑस्ट्रेलियातही खेळला. दोघं एकाच वाटेनं आले आणि वेगवेगळ्या वेळी बाहेर पडले. तुमच्याकडेही हे होईल, आणि तेव्हाची वागणूक संघातले बाकीचे परदेशी खेळाडू बारकाईनं बघत असतात.

ही बातमी समोरासमोर, दुभाषा घेऊन, दार लावून सांगा. ईमेलवर किंवा सहायकाकरवी नको. आधी निर्णय सांगा, मग कारण. घरी फोन करायला वेळ द्या. परतीचं तिकीट कोण काढणार, खोली किती दिवस राहील, व्हिसाचं काय होईल, हे लिहून हातात द्या. त्याचे वैद्यकीय अहवाल आणि सरावाचे व्हिडिओ त्याच्या फोनवर पाठवा, कारण पुढच्या संघाला ते लागतात. शिफारसपत्र त्याच आठवड्यात लिहा. महिन्यानं मागायला त्याला संकोच वाटेल. आणि विमानतळावर सोडायला तुम्ही जा.